"नवीन औषध आलंय म्हणे, खरं का?" – दवाखान्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तासगाव तालुक्यात माझा दवाखाना आहे. बीपी मोजून होतं, गोळ्या लिहून होतात आणि उठता उठता पेशंट खिशातून मोबाईल काढतात. "मॅडम, हे जरा बघा की, खरं हाय का?" कधी कॅन्सरवरच्या इंजेक्शनची बातमी असते, कधी सापाच्या विषाची, कधी हळदीची. रांग मोठी असली की "पुढच्या वेळी सांगते" म्हणावं लागतं आणि ते मनाला लागून राहतं. माणसं उगाच विचारत नाहीत. घरात कुणीतरी आजारी असतं आणि त्या बातमीत त्यांना आशा दिसलेली असते. म्हणून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि मला नीट माहीत असलेली उत्तरं इथे लिहून ठेवत आहे. स्वतःच्या आजारासाठी मात्र समोर बसून बोलायला या. हे वाचून कुठलीही गोळी सुरू करू नका, चालू असलेली बंद करू नका.

औषधाची बातमी खरी की खोटी, हे कसं ओळखायचं?

बहुतेक वेळा बातमी खोटी नसते, अर्धी असते. मी चार गोष्टी बघते. प्रयोग कुणावर झाला: काचेच्या बशीतल्या पेशींवर, उंदरांवर की माणसांवर? किती जणांवर? तुलना कशाशी केली? आणि मोजलं काय: नुसता रिपोर्टमधला आकडा सुधारला, की माणूस जास्त जगला, डायलिसिस टळलं, दम लागणं कमी झालं?

तुलनेचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. आपले निम्मे आजार आपोआपच उतरणीला लागतात. सर्दी सात दिवसांत जाते, कंबर महिन्याभरात मोकळी होते. त्या काळात जे घेतलं त्याला श्रेय मिळतं. म्हणून चांगल्या चाचणीत चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडतात. एकाला नवं औषध, दुसऱ्याला जुनं किंवा दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. शक्यतो कुणाला काय मिळालं हे पेशंटलाही माहीत नसतं आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही. माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलेल्या दहा औषधांतलं साधारण एकच शेवटी मेडिकलच्या दुकानात येतं. उंदरावरच्या बातमीने हुरळून जाऊ नये ते यासाठीच.

सगळ्या सापांवर चालणारं एकच औषध निघालंय म्हणे?

अजून नाही. पण या विषयात खरोखर काम चाललंय आणि आपल्याइतकी त्याची गरज फार थोड्यांना असेल.

2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली, असा अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे वर्षाला सरासरी 58,000. बहुतेक खेड्यातली आणि बरीचशी ऐन कमावत्या वयातली. उसात उंदीर, उंदरामागे घोणस आणि उसाला पाणी पाजायला रात्री माणूस. हे गणित वाळव्यात आणि कराडला कुणाला समजावून सांगायची गरज नाही.

सध्या जे औषध मिळतं त्याची कल्पना शंभराहून अधिक वर्षं जुनी. घोड्याला थोडं थोडं विष टोचायचं, त्याच्या रक्तात प्रतिपिंडं (अँटिबॉडी, म्हणजे विषाला अडवणारी प्रथिनं) तयार झाली की ती काढून शुद्ध करायची. अशा औषधाला आपण सापाची लस म्हणतो. भारतातली लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालते. आपल्या राज्यात हाफकिन ती बनवतं. अडचणी दोन. घोड्याची प्रथिनं काहींना सोसत नाहीत, अंगावर पित्त उठतं, बीपी घसरतं. दुसरी म्हणजे एकाच जातीच्या सापाचं विष मुलखागणिक बदलतं. लसीसाठी लागणारं विष मुख्यतः तमिळनाडूतल्या इरुळा लोकांच्या सहकारी संस्थेकडून येतं आणि तिथली घोणस व आपल्याकडची घोणस यांच्या विषात फरक असू शकतो.

आता नवीन काय ते सांगते. 2024 मध्ये बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर प्रयोगशाळेत एक मानवी प्रतिपिंड बनवलं. नाग, मण्यार आणि आफ्रिकेतला मांबा यांच्या विषातल्या, श्वास बंद पाडणाऱ्या एका घटकाला ते अडवतं. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेतले शास्त्रज्ञ डेव्हिड बेकर यांच्या गटाने त्याच कुळातल्या विषांवर चक्क संगणकावर रेखाटलेली प्रथिनं वापरून उंदीर वाचवले. या बेकर यांनाच 2024 चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं होतं. मे 2025 मध्ये आलेल्या तिसऱ्या कामाची कहाणी तर विलक्षण आहे. अमेरिकेतल्या एका माणसाने जवळपास 18 वर्षं स्वतःला वेगवेगळ्या सापांचं विष टोचून घेतलं होतं. त्याच्या रक्तातली दोन प्रतिपिंडं आणि एक रासायनिक औषध असं मिश्रण करून उंदरांना 19 जातींच्या विषापासून पूर्ण किंवा अंशतः संरक्षण मिळालं. (हे घरी करून बघायचं नाही. याआधी असं करणारे काही जण जिवाला मुकले आहेत.)

बातमीत न येणारी गोष्ट पुढेच आहे. हे तिन्ही प्रयोग नाग-मण्यार यांच्या कुळावरचे आहेत. घोणस आणि फुरसे वेगळ्या कुळातले. त्यांचं विष रक्ताची गोठण्याची ताकद संपवतं, किडनी निकामी करतं, आणि त्यावर या नव्या प्रतिपिंडांचा उपयोग नाही. दोन्ही कुळांच्या विषातल्या एका घटकावर चालेल अशी वारेस्प्लॅडिब नावाची तोंडाने घ्यायची गोळी भारत आणि अमेरिकेत पेशंटवर तपासली गेली. एकूण गटात अपेक्षित फरक दिसला नाही. दंशानंतर लवकर मिळालेल्यांत थोडा फायदा असावा असं वाटलं. घोणशीसाठी आज तरी घोड्याची लसच आहे आणि वेळेवर मिळाली तर ती जीव वाचवते.

वेळेवर म्हणजे काय, ते एका काचेच्या नळीत दिसतं. मिरजेत शिकत असताना पहिल्यांदा पाहिलेली ही तपासणी मी आजही करते. कोरडी, स्वच्छ काचेची नळी घ्यायची. त्यात पेशंटचं दोन मिली ताजं रक्त सोडायचं, नळी टेबलावर उभी ठेवायची आणि घड्याळ बघायचं. वीस मिनिटं तिला कुणी हात लावायचा नाही. बाहेर नातेवाईक येरझारा घालत असतात, तरी नाही. मग नळी अलगद आडवी करायची. रक्त दह्यासारखं लागलेलं असलं, जागचं हललं नाही, तर थोडा धीर धरता येतो आणि तपासणी पुन्हा करायची. पाण्यासारखं वाहिलं, तर विष रक्तात भिनलंय, लस लगेच सुरू. नळी प्लास्टिकची असली किंवा साबणाने धुतलेली असली की निकाल फसवा येतो. याला वीज लागत नाही, मशीन लागत नाही. जगातल्या कुठल्याही नव्या शोधाइतकीच मला ही नळी मोलाची वाटते.

चावा बसला तर: घट्ट आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका. हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवा, 108 ला फोन करा आणि निघा. साप मारून आणण्यात वेळ घालवू नका. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि चावल्याचं कळतही नाही. पहाटे पोटात कळ, जड पापण्या आणि घोगरा आवाज असेल तर तो मण्यारीचा दंश समजून निघायचं.

आणि विंचवावर?

हे उत्तर आपल्या शेजारचंच आहे. महाबळेश्वरवरून आंबेनळी घाट उतरला की पोलादपूर, पुढे महाड. तिथे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाने दगावणारी मुलं पाहिली. घाम, थंड पडलेले हातपाय, मग फुप्फुसात पाणी. त्यांनी प्रत्येक पेशंटच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या आणि प्राझोसिन ही बीपीची स्वस्त, जुनी गोळी वापरून बघितली. 1986 मध्ये ते काम 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं. पूर्वी गंभीर दंशाच्या शंभरातले पंचवीस-तीस जात, ते प्रमाण एक-दोनवर आलं. 2011 मध्ये त्यांनी प्राझोसिनबरोबर विंचवाची लस दिली तर पेशंट लवकर बरे होतात हे दाखवलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. संशोधन म्हणजे अमेरिका, असं कुणी म्हणालं की मी महाडचा रस्ता दाखवते.

टीबीच्या पेशंटला खाण्यापिण्याने खरंच फरक पडतो का? की गोळ्याच महत्त्वाच्या?

दोन्ही. आणि खाण्याचा फरक आता मोजून झालाय.

झारखंडमध्ये 2019 ते 2022 या काळात टीबीचे 2,800 पेशंट आणि त्यांच्या घरातली 10,345 माणसं एका अभ्यासात घेतली. पेशंटला सगळीकडेच दरमहा शिधा दिला. निम्म्या भागात घरातल्या बाकीच्यांनाही तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. 2023 मध्ये निकाल आले. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला तिथे नव्याने टीबी होण्याचं प्रमाण 39 टक्क्यांनी कमी, आणि थुंकीतून पसरणाऱ्या फुप्फुसाच्या टीबीचं 48 टक्क्यांनी. तांदूळ आणि डाळीने! एखाद्या लशीने एवढं काम केलं असतं तर पहिल्या पानावर बातमी आली असती. पेशंटमध्येही दिसलं की पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन 5 टक्क्यांनी वाढलं त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण 61 टक्क्यांनी कमी होतं. 40 किलोच्या बाईसाठी पाच टक्के म्हणजे फक्त दोन किलो.

म्हणून माझ्याकडे टीबीचा पेशंट आला की आधी वजनकाटा. शेंगदाणे, मटकी, हुलगे, अंडं, दूध, भाकरी जे परवडेल ते, पण दोन वेळा पोटभर, आणि घरातल्या सुनेच्या ताटातही तेवढंच. टीबीच्या पेशंटला खाण्यासाठी सरकारकडून मिळणारे निक्षय पोषण योजनेचे पैसे नोव्हेंबर 2024 पासून महिना 500 वरून 1,000 रुपये झालेत. बँक खातं जोडलंय का, ते आशाताईंना विचारा.

औषधं दाद देत नसलेल्या टीबीतही मोठी सुधारणा झाली. पूर्वी वीस महिन्यांपर्यंत उपचार चालायचे, त्यातले काही महिने रोज इंजेक्शन, कुणाचे कान जायचे. बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन या चार गोळ्यांचा सहा महिन्यांचा कोर्स एका चाचणीत 89 टक्के जणांना लागू पडला, जुना 52 टक्क्यांना. सप्टेंबर 2024 मध्ये आपल्या आरोग्य मंत्रालयाने त्याला मंजुरी दिली.

शुगरच्या नव्या गोळ्या किडनीला चांगल्या की वाईट?

ज्यांच्याबद्दल तुम्ही विचारता त्या डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन. लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. या कुळाचा मूळपुरुष 1835 मध्ये सफरचंदाच्या झाडाच्या सालीत सापडला होता, पण औषध व्हायला दीडशेहून जास्त वर्षं गेली.

शुगरसाठी आणलेली ही गोळी हृदयाला आणि किडनीला जपते हे नंतर लक्षात आलं. 2019 च्या एका चाचणीत हृदय अशक्त झालेल्या 4,744 जणांत डापाग्लिफ्लोझिनने तब्येत बिघडणं किंवा हृदयविकाराने मृत्यू 26 टक्क्यांनी घटले, शुगर नसलेल्यांतसुद्धा. पुढे किडनीच्या 6,609 पेशंटवर एम्पाग्लिफ्लोझिन तपासलं, तिथे किडनी आणखी खालावणं किंवा हृदयविकाराने मृत्यू 28 टक्क्यांनी कमी. माझ्या मते या दहा वर्षांत साध्या दवाखान्यापर्यंत पोचलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच. डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा एसटीने सांगली गाठणारी माणसं मी रोज बघते. ते दोन-चार वर्षं पुढे ढकललं गेलं तरी त्या घराचं अर्थकारण बदलतं.

पेटंट संपल्यामुळे भाव उतरले. मार्च 2025 नंतर एम्पाग्लिफ्लोझिनची साठ रुपयांच्या आसपासची गोळी बऱ्याच कंपन्यांची दहा रुपयांच्या आतबाहेर मिळू लागली.

एक धोका नीट लक्षात ठेवा. या गोळीवर असताना कडक उपवास केला, उलट्या-जुलाब झाले किंवा ऑपरेशन ठरलं, तर शरीरात आम्ल साठून माणूस गंभीर होऊ शकतो, आणि तेव्हा शुगर नॉर्मलही दिसते. नवरात्राचे नऊ दिवस, निर्जळी एकादशी, लोणंद-फलटणच्या उन्हातली वारी, याआधी मला विचारा. त्या दिवसांपुरती गोळी थांबवायची की नाही ते ठरवू. लघवीच्या जागी खाज किंवा बुरशी येऊ शकते. बायका हे लाजेने सांगत नाहीत. सांगा, साध्या मलमाने जातं.

वजन उतरवायचं इंजेक्शन घेऊ का?

सेमाग्लूटाइड आणि टिर्झेपाटाइड. भूक कमी करतात, पोट हळू रिकामं होऊ देतात. परिणाम खरा आहे. आधीच हृदयविकार असलेल्या आणि वजन जास्त असलेल्या, पण शुगर नसलेल्या 17,604 जणांत सेमाग्लूटाइडने हार्ट अटॅक, पॅरालिसिस आणि हृदयविकाराने मृत्यू मिळून 20 टक्क्यांनी कमी झाले. पण औषध थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनातलं साधारण दोन तृतीयांश परत येतं, हेही मोजलेलं आहे. म्हणजे बीपीच्या गोळीसारखं दीर्घकाळ चालवायचं औषध. सेमाग्लूटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च 2026 पर्यंतची, त्यामुळे ते स्वस्त होण्याची वाट मोकळी आहे. लग्नाआधी चार किलो कमी करायला मी ते लिहून देणार नाही. वजन, शुगर, हृदय तिन्हींचा त्रास असलेल्याला आनंदाने देईन.

बीपीत नवीन काय?

गोळ्या जुन्याच, पद्धत नवी. 2017 च्या अखेरीस सुरू झालेल्या राष्ट्रीय उपक्रमाच्या अगदी पहिल्या जिल्ह्यांत सातारा होता. ठरलेली औषधं ठरलेल्या क्रमाने, गावाजवळ, आणि कोण यायचं थांबलं याची नोंद. बीपीची गोळी बंद करून मोकळं झालेल्या माणसाला शोधून परत आणणं, यातच खरा फायदा आहे.

हळदीने कॅन्सर बरा होतो, असं छापून आलंय. आपल्या सांगलीची हळद मग काय वाईट?

सांगलीची हळद काहीच वाईट नाही. 2018 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांत हळद साठवलेली माझ्या आजोबांनी पाहिली होती. 2005 च्या महापुरात त्यातली बहुतेक पेवं गेली. या पिकाबद्दल मला तुमच्याइतकंच प्रेम आहे, म्हणूनच खरं सांगते.

हळदीत साधारण तीन टक्के कर्क्युमिन असतं. बशीतल्या कॅन्सरच्या पेशींवर ते परिणाम करतं. पण तोंडाने घेतलं की आतड्यातून फारच थोडं रक्तात उतरतं आणि यकृत तेही पटकन बाहेर काढून टाकतं. माणसाचा कॅन्सर हळदीने बरा झाला असं दाखवणारी चांगली चाचणी झालेली नाही. हळदीच्या भरवशावर केमो लांबवू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. लांबवलेले पेशंट मी पाहिलेत.

काही बाबतींत मात्र आशा आहे. 2023 मध्ये थायलंडच्या एका चाचणीत पोटातली जळजळ आणि अपचन यांवर कर्क्युमिन आपल्या नेहमीच्या ओमेप्राझोलइतकंच उपयोगी ठरलं. आकाराने लहान चाचणी, पण नीट केलेली.

उलट बाजूही सांगते. शोषण वाढावं म्हणून काही कंपन्या कर्क्युमिनच्या गोळीत मिरीचा अर्क घालतात. अशा गोळ्यांनी यकृताला सूज आल्याची प्रकरणं अमेरिकेत नोंदवली गेली आणि त्यातल्या बऱ्याच जणांमध्ये एक विशिष्ट जनुकीय ठेवण सापडली. आमटीतली चिमूटभर हळद आणि डबीतला दाबून भरलेला अर्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मुलीला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस द्यावी का? एकच डोस पुरतो म्हणे?

द्यावी. आणि एक डोस पुरतो हे जगाला कळलं त्यात आपल्या मुलींचा मोठा वाटा आहे.

2009 मध्ये भारतात दोन डोस पुरतात की तीन लागतात हे पाहणारा अभ्यास सुरू झाला. बार्शी आणि पुणे त्याच्या केंद्रांत होते. 2010 मध्ये दुसऱ्या एका प्रकल्पावरून वाद होऊन सरकारने देशभरातल्या अशा चाचण्यांतलं लसीकरण थांबवलं. हजारो मुलींना एकच डोस मिळालेला राहिला. संशोधकांनी त्यांना सोडून दिलं नाही. वर्षानुवर्षं तपासण्या चालू ठेवल्या. पुढे 2021 मध्ये निकाल आला: कॅन्सर करणाऱ्या मुख्य दोन विषाणूंच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका डोसनेही 95 टक्के संरक्षण दिलं होतं. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसचा पर्याय मान्य केला. अर्ध्यावर थांबलेल्या कामातून एवढं हाती लागलं, ते केवळ घरोघरी परत जाणाऱ्या कार्यकर्त्यांमुळे. पुण्याच्या सीरमची 'सर्व्हावॅक' ही देशी लस आता मिळते.

आयांनीही तपासणी करून घ्यावी. धाराशिव जिल्ह्यातल्या 497 गावांत सव्वा लाखाहून अधिक बायकांवर झालेल्या अभ्यासाने 2009 मध्ये दाखवलं की आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही (हा कॅन्सर करणारा विषाणू) तपासणीनेही या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात.

बाळंतपणात रक्त जाऊन बाई दगावते, त्यावर काही निघालं का?

निघालं, आणि ते एक प्लास्टिकची पिशवी आहे. बाळंतिणीच्या खाली पसरायची, टोकाला नरसाळ्यासारखी, त्यावर मिलिलिटरच्या खुणा. या कल्पनेवरचं सुरुवातीचं काम मिरजेपासून रेल्वेने तीन-चार तासांवरच्या बेळगावच्या जे. एन. मेडिकल कॉलेजमध्ये झालं. नुसत्या नजरेने रक्ताचा अंदाज घेतला की तो नेहमी कमीच येतो. कापडात मुरलेलं, फरशीवर सांडलेलं रक्त डोळ्यांना थोडंच वाटतं. खुणांची पिशवी खोटं बोलत नाही.

2023 मध्ये आफ्रिकेतल्या चार देशांत दोन लाखांहून अधिक बाळंतपणांवर हेच तपासलं. पिशवीने मोजायचं, 500 मिलीची खूण ओलांडली की गर्भाशय चोळणं, औषधं, सलाइन, तपासणी हे सगळं एकापाठोपाठ एक नाही, एकाच वेळी सुरू करायचं. गंभीर रक्तस्राव, त्यासाठीचं ऑपरेशन किंवा मृत्यू मिळून 60 टक्क्यांनी घटले. एकही नवीन औषध न शोधता.

कॅन्सरवर आयआयटीने काढलेली पेशींची थेरपी कुणाला चालते?

सगळ्या कॅन्सरना नाही. पेशंटच्याच रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या टी पेशी काढायच्या, त्यांना कॅन्सरच्या पेशी ओळखायला शिकवायचं आणि परत शरीरात सोडायच्या. मुंबई आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून केलेल्या 'नेक्सकार19'ला ऑक्टोबर 2023 मध्ये परवानगी मिळाली. बी पेशी या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींपासून होणाऱ्या रक्ताच्या आणि लसीका ग्रंथींच्या कॅन्सरवर, तेही आधीचे उपचार हरल्यावर. 64 जणांच्या चाचणीत 73 टक्क्यांनी प्रतिसाद दिला. परदेशात तीन-चार कोटी लागतात, इथे खर्च 40 लाखांच्या आसपास. फार मोठी उडी आहे, तरीही जमीन विकावी लागेल एवढी रक्कम. स्तनाच्या किंवा तोंडाच्या कॅन्सरसाठी ही थेरपी मागू नका. तंबाखूने तोंडात पांढरा चट्टा आला असेल तर त्याच आठवड्यात दाखवा, तिथे तुमचा जीव वाचायची शक्यता कितीतरी जास्त आहे.

जनुकं दुरुस्त करता येतात का?

काही मोजक्या आजारांत. सिकल सेल आणि थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारांवरची पहिली क्रिस्पर (जनुक नेमक्या जागी कापून बदलण्याचं तंत्र) थेरपी 2023 च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झाली, किंमत अमेरिकेत 22 लाख डॉलर. 2025 मध्ये फिलाडेल्फियात एका तान्ह्या बाळासाठी, फक्त त्याच्याच जनुकातली चूक सुधारणारं औषध सहा महिन्यांत बनवून दिलं गेलं. आपल्याकडे त्याआधी लग्न ठरवताना रक्ततपासणी करणं हातात आहे.

एचआयव्हीची लस आली का?

लस नाही. लेनाकापाविर नावाचं, सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं, संसर्ग टाळणारं इंजेक्शन आहे. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत ते घेणाऱ्या 2,134 तरुणींपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही. असा शून्य मी माझ्या आयुष्यात फार कमी वेळा वाचलाय. झालेला एचआयव्ही बरा करायला ते नाही. चालू गोळ्या सोडू नका.

विसराळूपणावरचं, म्हणजे अल्झायमरचं औषध?

लेकॅनेमॅब. आजार अगदी सुरुवातीचा असेल तर घसरण दीड वर्षात 27 टक्क्यांनी मंदावते. गेलेली आठवण परत येत नाही. मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होऊ शकतो म्हणून वारंवार एमआरआय. महाग. बहुतेक घरांसाठी सध्या मी आग्रह धरत नाही.

एक्स-रे आता कॉम्प्युटरच वाचतो, मग डॉक्टर कशाला?

टीबीच्या तपासणीत छातीचा एक्स-रे कॉम्प्युटरने वाचायला जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये मान्यता दिली, पंधरा वर्षांवरच्यांसाठी. जिथे एक्स-रे वाचणारा तज्ज्ञ नाही तिथे हे वरदान आहे. पण मशीन 'संशय' सांगतं. थुंकीची तपासणी, औषध आणि पेशंटला धीर, हे माणसांचंच काम.

मोठ्या हॉस्पिटलात "ट्रायलमध्ये येता का" असं विचारलं. आमच्यावर प्रयोग करणार काय?

भीती रास्त आहे. पण वर लिहिलेल्या बहुतेक गोष्टी कुणीतरी हो म्हणाल्यामुळेच कळल्या, हेही तेवढंच खरं.

काय तपासायचं ते सांगते. भारतात होणारी अशी प्रत्येक चाचणी 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री'त नोंदवावी लागते. ही नोंदवही 2007 मध्ये सुरू झाली, 2009 पासून सक्तीची आहे आणि इंटरनेटवर कुणालाही उघडून बघता येते. नोंदणी क्रमांक विचारा. नीतिमत्ता समितीची मंजुरी आहे का ते विचारा. 2019 च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि ठरलेल्या पद्धतीने भरपाई द्यावी लागते. माहितीपत्रक मराठीत मिळालं पाहिजे. तुम्ही कधीही, कारण न सांगता बाहेर पडू शकता आणि त्यामुळे नेहमीचे उपचार बंद होत नाहीत.

आणि हा प्रश्न नक्की विचारा: "मला नवं औषध मिळेलच का, की जुनंही मिळू शकतं?" चिठ्ठीत जुनं आलं तर फसवलं असं वाटून घेऊ नका, तुलना त्याशिवाय होत नाही.

सही तिथल्या तिथे करायची नसते. कागद घरी आणा, रात्री जेवणं झाल्यावर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा. जिथे अडेल तिथे पेनाने खूण करा आणि घेऊन या. दुपारी दोन ते चार मी पेशंट घेत नाही, तेव्हा बसून एकेक ओळ वाचू.